सावडीची चाळीस पानं

सोमवारी सकाळी साडेनऊला विशाखा दाभाडेच्या शेडमधलं मशीन असं किंचाळलं, की शेजारच्या शेडमधली माणसं चहाचे कप हातात घेऊनच बाहेर आली. स्पिंडलचं बेअरिंग गेलं होतं. स्पिंडल म्हणजे तो गरगर फिरणारा दांडा, ज्याच्या टोकाला कापायचं हत्यार बसतं. तोच अडकला म्हटल्यावर बाकीचं मशीन नुसतं लोखंड. मेकॅनिकनं कान लावून ऐकलं, हातानं फिरवून बघितलं आणि आठ दिवस लागतील असं सांगून तो मोकळा झाला.

आठ दिवस कुठून आणायचे? गुरुवारी दुपारी बाराच्या आत पंपाच्या एकशेवीस बॉड्या मोठ्या कारखान्याच्या गेटात पोचायला हव्या होत्या. तिथल्या खरेदीवाल्या साहेबानं मागच्याच महिन्यात तिला समोर उभं करून ऐकवलं होतं, की ह्या वर्षात दोनदा उशीर झालाय, तिसऱ्यांदा झाला तर पुरवठादारांच्या यादीतून नाव कट. बसायला खुर्चीसुद्धा दिली नव्हती मेल्यानं. त्या एका कारखान्यावरच तिची शेड चालत होती. यादीतून नाव गेलं की शेड बंद आणि आठ माणसं घरी, त्यातल्या पाच बाया.

तरी विशाखा घाबरली नाही. कशाला खोटं बोला, तिनं चहासुद्धा पुरा प्याला. ऑपरेटर सुलेखाला जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, पकडायचं फिक्स्चर सोडवायला सांगितलं, प्रोग्राम पेन ड्राइव्हवर घेतला आणि पायात चप्पल सरकवली. घाबरायचं कारणच नव्हतं. सावड होती ना.

ही सावड काय ते सांगायचं तर आठ वर्षं मागं जावं लागतं. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या गल्लीत चौदा लहान शेडं. चौदाही जणांच्या मशिनांचे कंट्रोलर एकाच परदेशी कंपनीचे होते. कंट्रोलर म्हणजे मशीनचं डोकं: कुठं कापायचं, किती खोल कापायचं, हे हत्याराला सांगणारा संगणक. त्या कंपनीनं एक दिवस कळवून टाकलं, की जुन्या कंट्रोलरची दुरुस्ती आता होणार नाही, नवे घ्या. मशिनांचे हातपाय धडधाकट, आणि डोकं मात्र दुसऱ्याच्या ताब्यात. विशाखा तेव्हा जी चवताळली ती चवताळलीच. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा केलेली बाई, हातात कसब, आणि अंगात तिखटपणा तर जन्माचा. तिनं आणि तिच्याकडं काम शिकायला आलेल्या प्रणय निकाळजेनं गारखेड्यातल्या तिच्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत ठाण मांडलं आणि साध्या संगणकावर लिनक्स घालून नवा कंट्रोलर उभा केला. लिनक्स ही खुली ऑपरेटिंग सिस्टिम. कुणीही उघडून बघावी, आपल्या गरजेपुरती बदलावी, दुसऱ्याला द्यावी.

पण चौदा जणांनी चौदा तऱ्हेचे कंट्रोलर केले असते तर पुन्हा ज्याचं त्याला. म्हणून दोघांनी नियम लिहून काढले. मशीनला दिलेल्या कोणत्या हुकमाचा काय अर्थ, प्रोग्राम कसा लिहायचा, कसा साठवायचा, सगळं. मराठीत, हातानं काढलेल्या आकृत्यांसकट, मोजून चाळीस पानं. गुलमंडीतून बायंडिंग करून आणली आणि सगळ्यांना वाटली. ह्या चाळीस पानांप्रमाणं लिहिलेला प्रोग्राम गल्लीतल्या कुठल्याही मशीनवर चालायचा. मग रीतच पडून गेली. कुणाचं मशीन बंद पडलं, की त्यानं पेन ड्राइव्ह आणि फिक्स्चर घेऊन शेजाऱ्याकडं जायचं, शेजाऱ्यानं आपलं काम बाजूला सारून त्याचं लावायचं. आज माझं, उद्या तुझं. गल्लीच्या टोकाच्या बन्सी शेजूळांनी तिला सावड म्हटलं. त्यांच्या गावाकडं पेरणीला एकमेकांच्या रानात बैल पाठवतात, त्यालाही सावडच म्हणतात, म्हणून.

तर विशाखा निघाली ती ह्याच बन्सीभाऊंकडं. साठीचे गृहस्थ, घरची शेती भावाकडं, आणि इथं तीन मशिनं. त्यांनी तिला लांबूनच पाहिलं आणि पोऱ्यांना ओरडून सांगितलं, की आपला जॉब उतरवा, ताईचं मशीन बसलंय. विचारायचीसुद्धा वेळ आली नाही. फिक्स्चर चढलं, पेन ड्राइव्ह लागला, बन्सीभाऊंनी बटण दाबलं.

पडद्यावर लाल चौकट आली. हा प्रोग्राम प्रमाणित नाही, कृपया सेवा केंद्राशी संपर्क साधा.

बन्सीभाऊंना वाटलं बटण चुकलं. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. उरलेल्या दोन्ही मशिनांवर लावून बघितलं, तिथंही तेच. त्यांचे तिन्ही कंट्रोलर दोन वर्षांपूर्वी बदललेले होते, वेधक नावाच्या कंपनीचे. त्यांनी सेवा केंद्राला फोन लावला. पलीकडच्या मुलीनं गोड आवाजात सांगितलं, की दिवाळीच्या अपडेटपासून बाहेरचे प्रोग्राम ग्राहकांच्या सुरक्षेसाठी बंद केलेत, प्रमाणपत्रासाठी अर्ज करा, कामाचे पंधरा दिवस लागतात. बन्सीभाऊंनी फोन ठेवला आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"माझं मशीन, माझ्या शेडात, माझ्या लाइटीवर चालतंय," ते म्हणाले, "अन् घरी आलेल्या माणसाला आत घेऊ का नको, ते मला दुसऱ्याला इचारायचं? ह्ये कुठलं बेणं आणून ठेवलं मी?"

विशाखाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती, पण ती बन्सीभाऊंवर नव्हती. चौदातल्या आठ जणांनी वेधकचे कंट्रोलर घेतले होते, आणि ते घेताना त्यांनी काय पाहिलं होतं, हे तिला पुरतं ठाऊक होतं. कंट्रोलरच्या कडेला चिकटवलेलं पिवळं लेबल त्यांनी पाहिलं होतं. 'चाळीस पानांप्रमाणे तपासले', आणि खाली सही: वि. दाभाडे, सचिव, लघुउद्योजक संघ. सही तिचीच होती. वेधकवाले कंट्रोलर तपासून घ्यायला आले, तेव्हा तिनं स्वतः दोन दिवस उभं राहून तपासला होता. सगळ्या शेडांतले प्रोग्राम त्यावर चालवून बघितले. सगळे चालले, वर आणि झपाझप चालले. पडदा मोठा, आकृत्या रंगीत. खुल्या नियमांचा आम्हाला अभिमान आहे, असं त्यांच्या माहितीपत्रकात ठळक छापलेलं. तिला तेव्हा केवढा आनंद झाला होता. एवढी मोठी कंपनी आपली चाळीस पानं पाळते म्हणून तिनं घरी बासुंदी केली होती.

अर्ध्या तासात वेधकचा विभागीय व्यवस्थापक गाडी घेऊन हजर झाला. बन्सीभाऊंनी बोलावलं नव्हतं, त्या मुलीनंच कळवलं असणार. तो दुसरा तिसरा कुणी नव्हता, प्रणय होता. गच्चीवरच्या खोलीत विशाखाच्या हातची पिठलं-भाकरी खात चाळीस पानं लिहिणारा प्रणय. तीन वर्षांपूर्वी त्यानं ही नोकरी धरली तेव्हा तिनंच त्याला पाठीवर हात ठेवून जा म्हटलं होतं. घरात आई आजारी, दोन बहिणींची शिक्षणं, कुणी का म्हणून अडवावं? आता छातीवर कंपनीचं नाव शिवलेला शर्ट होता आणि चारचौघांत तो तिला मॅडम म्हणत होता. तिला बाजूला, शेडच्या दारात घेऊन गेल्यावर मात्र जय भीम ताई म्हणाला.

त्याचं म्हणणं सरळ होतं. ह्या एका कामापुरती किल्ली तो दहा मिनिटांत देऊ शकत होता. बन्सीभाऊंच्या मशीनवर आकडा टाकला की प्रोग्राम चालू, गुरुवारचा माल बुधवारीच तयार. बदल्यात एकच गोष्ट. रविवारी संघाची बैठक होती. त्यात सचिव म्हणून विशाखानं ठराव मांडायचा, की इथून पुढं चाळीस पानं वेधक सांभाळेल. दुरुस्त्या वेधक करेल, तपासणी वेधक करेल, लेबल वेधक देईल.

विशाखानं त्याला सरळ विचारलं, की तुझ्या कंपनीला माझी सही कशाला पाहिजे, ताकद आहे तर घ्या ओढून. त्यावर प्रणय जे बोलला ते तिला जास्त झोंबलं, कारण त्यात खोटं काढायला जागा नव्हती.

"ताई, चाळीस पानांची शेवटची दुरुस्ती कुणी केली? तुम्ही. त्याआधीची? तुम्हीच. आठ वर्षांत ह्या चौदा जणांतल्या एकानं तरी एक ओळ लिहिली? रविवारी मशीन अडलं की तुमच्या घरी फोन. तुम्हाला टायफॉइड झाला होता तेव्हा दवाखान्यात फोन. उद्या तुम्हाला काही झालं तर कोण बघणार? आमच्याकडं ह्याच कामाला बारा माणसं आहेत."

खरं होतं ते. एकूणएक खरं होतं. फुकटात मिळतंय म्हटल्यावर लोकांनी चाळीस पानं अशी वापरली होती, जशी सार्वजनिक नळाची तोटी. गळायला लागली की विशाखा आहेच. संघाच्या बैठकीत तिनं किती वेळा सांगितलं होतं, की महिन्यातून एक दिवस एक एक जण या, शिकून घ्या, माझ्या एकटीवर ठेवू नका. सगळे माना हलवायचे. एकदा तर टाळ्याही वाजवल्या होत्या.

पण आता तिच्या डोक्यात दुसरंच काहीतरी ठणकत होतं. मागच्या वर्षी बन्सीभाऊंचं मशीन बंद पडलं होतं. ते तिच्याकडं पेन ड्राइव्ह घेऊन आले होते आणि त्यांचा प्रोग्राम तिच्या मशीनला वाचताच आला नव्हता. असू द्या ताई, मी दुसऱ्या वेधकवाल्याकडं जातो, असं म्हणून ते निघूनही गेले होते. ती कामात होती, तिनं ते तिथंच सोडून दिलं. आता दारात उभ्या उभ्या तिला आपली चूक दिसली. तपासणीत तिनं सगळ्यांचे प्रोग्राम वेधकवर चालवून बघितले होते. वेधकवर तयार झालेला प्रोग्राम दुसऱ्या कुणाच्या मशीनवर चालतो का, हे कुणी बघितलंच नव्हतं. चाळीस पानांत तशी चाचणीच नव्हती. सावडीची सवय लागलेल्या माणसांनी लिहिलेली चाचणी ती. येणाऱ्याला आपल्या घरात जागा आहे का, एवढंच त्यांना सुचलं. गेलेल्याला परत येता येईल का, हे मनातसुद्धा आलं नाही. सगळे प्रोग्राम वेधकमध्ये जात राहिले, बाहेर एकही आला नाही, आणि आठ शेडं भरल्यावर वेधकनं आत यायचं दारही लावून घेतलं.

"प्रणय," ती म्हणाली, "चाचणी आपण दोघांनी लिहिली. तिच्यात काय राहून गेलंय, ते तुला कधी कळलं?"

प्रणयनं आधी बन्सीभाऊंच्या मशीनकडं बघितलं, मग बुटांकडं. "मी कंपनीवाल्यांना काही शिकवलं नाही, ताई. चाचणी काय तपासते, असं त्यांनी विचारलं. मी पानं वाचून दाखवली."

"आणि मला नाही सांगितलंस."

किल्लीचा आकडा त्यानं मोबाइलवर तयार ठेवला होता, तो पडदा तिच्यापुढं धरून तो तसाच उभा राहिला. आठ माणसांच्या चुली होत्या त्या आकड्यात, आणि विशाखाला ते दिसत नव्हतं असं नाही. फिक्स्चर घेऊन आलेली सुलेखा मागं उभी होती, तिनंही सगळं ऐकलं होतं. विशाखानं तिच्याकडं बघितलं. सुलेखानं मान हलवली, नको म्हणून. विशाखानं प्रणयला सांगितलं, की बाबा, तू जा. आईला माझा नमस्कार सांग. पण ह्या शेडच्या दारात पुन्हा ते यंत्र माझ्यापुढं धरू नकोस.

गाडी गेल्यावर बन्सीभाऊंनी डोकं धरलं. आता काय करायचं ताई, म्हणाले. वेधक न घेतलेल्या बाकीच्या पाच शेडांतली मशिनं लहान, पंपाची बॉडी त्यांच्यावर बसतच नव्हती. विशाखानं विचारलं, की मशीनच्या पाटीवर बोटानं टाइप केलेला प्रोग्राम हे बेणं घेतं का? बन्सीभाऊ म्हणाले, घेतं की, आम्ही रोज पाच-पन्नास ओळी तशाच टाकतो. पण तुमचा प्रोग्राम किती ओळींचा? एकोणीसशे ओळींचा होता.

सोमवारचा उरलेला दिवस प्रोग्राम कागदावर छापून आणून ओळींना नंबर घालण्यात गेला. मंगळवारी सकाळी आठला ते बसले. विशाखा ओळ वाचायची, बन्सीभाऊ पाटीवरच्या शेंगदाण्याएवढ्या बटणांवर एकेक आकडा दाबायचे, आणि सुलेखा पडद्यावरची ओळ मोठ्यानं परत वाचायची. एक टिंब इकडचं तिकडं झालं की हत्यार जॉबमधून आरपार खाली टेबलात घुसणार. दुपारपर्यंत विशाखाचा घसा बसला. तेव्हा संघाचे अध्यक्ष मोतीरामअण्णा भज्यांचा पुडा घेऊन आले आणि चष्मा पुसून त्यांनी दोनशे ओळी वाचल्या. गल्लीतले आणखी तिघं-चौघं येऊन गेले, ज्याला जेवढं जमलं तेवढं त्यानं वाचलं. सातशे चाळिसाव्या ओळीत उणे साडेबाराच्या जागी उणे एकशेपंचवीस पडलं होतं, ते सुलेखानं पकडलं. बन्सीभाऊंनी तिथंच तिला हात जोडले. बोटं सुजली होती त्यांची, पण दुसऱ्या कुणाला त्यांनी बटणांना हात लावू दिला नाही. माझ्या मशीननं बेअदबी केली, म्हणाले, मीच निस्तरणार.

संध्याकाळी साडेपाचला पहिली बॉडी कापून झाली. मापात. विशाखाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते लपवलंही नाही. एकोणीसशे ओळी वाचून-तपासून इतक्या नीट झाल्या होत्या, की सुलेखा म्हणाली, ताई, हीच प्रत आपल्याकडं ठेवू. तिनं ती पेन ड्राइव्हवर घेतली, धावत आपल्या शेडमधल्या संगणकावर लावून बघितली आणि तशीच परत आली. पडद्यावर नुसते चौकोन आणि टिंबं उमटली होती. विशाखानं लिहिलेला प्रोग्राम, तिच्या तोंडून वाचलेला, बन्सीभाऊंच्या बोटांनी टाकलेला, आणि तो आता वेधकच्या मशिनांशिवाय कुणाला वाचता येणार नव्हता. मूळ प्रत होती तिच्याकडं, नुकसान काही नव्हतं. पण असा संताप तिला आयुष्यात आला नव्हता. घरात येऊन आपलंच भांडं उचलून त्यावर स्वतःचं नाव घालतात आणि आपल्यालाच विचारतात, तुमचं कशावरून?

बुधवारी दिवसभर मशीन चाललं. गुरुवारी सकाळी साडेदहाला एकशेवीस बॉड्या कारखान्याच्या गेटातून आत गेल्या. साहेबानं सही केली, वर बघितलंसुद्धा नाही. यादीतलं नाव राहिलं.

रविवारी अकराला मोतीरामअण्णांच्या शेडमध्ये बैठक भरली. चौदाही जण आले होते, कारण वेधकतर्फे जेवण होतं. ठराव शेवटी मोतीरामअण्णांनी मांडला, त्याच मोतीरामअण्णांनी, ज्यांनी मंगळवारी दोनशे ओळी वाचल्या होत्या. प्रणयनं भिंतीवर चित्रं दाखवली. बारा माणसं, चोवीस तास फोन, नियम तेच, फक्त सांभाळणारे हात बदलणार.

मग विशाखा उभी राहिली. तिनं भाषण केलं नाही. चाचणीत आपली चूक झाली, सही माझी होती, दोष माझा, असं तिनं पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं. मग म्हणाली, नव्यानं एकच नियम घालू. ज्याच्या मशीनवर तयार झालेला प्रोग्राम बाकीच्या मशिनांवर चालत नाही, त्याला लेबल नाही. जाणारा परत येऊ शकला पाहिजे, बस. वेधकनं तेवढं पाळावं, मग मीच त्यांच्या हाती चाळीस पानं देते आणि रविवारी झोप काढते. बारा माणसं त्यांनी ठेवावीत, माणसं चांगलीच आहेत. मी कुलपाशी भांडतेय.

प्रणयला विचारलं गेलं. तो म्हणाला, की ह्याबद्दल कंपनी भविष्यात नक्की विचार करेल.

"आज काय ते सांग," विशाखा म्हणाली.

आज शक्य नाही, असं तो म्हणाला, आणि हे म्हणताना त्याचा आवाज जरा खाली आला होता.

हात वर झाले. ठरावाच्या बाजूनं सात. विरोधात सहा, विशाखा धरून. बन्सीभाऊंचा हात मांडीवरच होता. अध्यक्षांनी नियम सांगितला, की सात-सात झालं तर ठराव बारगळतो. सगळे बन्सीभाऊंकडं बघायला लागले. विशाखानं मुद्दाम बघितलं नाही. तिला काळजी वाटत नव्हती. ज्या माणसानं सुजलेल्या बोटांनी एकोणीसशे ओळी टाकल्या, त्याच्या हाताकडं काय बघायचं?

बन्सीभाऊंचा हात ठरावाच्या बाजूनं वर गेला. उजव्या हाताच्या दोन बोटांना अजून पट्टी होती.

मग बन्सीभाऊ उठले. "ताई, तुमच्यासाठी मी उद्या परत दिवसभर बसंन," ते म्हणाले. "पण दर टायमाला कोण बसणार? माझी तिन्ही मशिनं त्यांचीच हायत. उद्या त्यांनी फोन उचलला नाय तर मी कुठं जाऊ? तुमच्यासारखं डोकं मला नाय."

"डोकं लागत नव्हतं, बन्सीभाऊ. महिन्यातला एक दिवस लागत होता." एवढंच ती म्हणाली. आरडाओरडा करावासा तिला वाटला, पण तो कुणावर करायचा, हेच तिला कळेना. प्रणयवर? मोतीरामअण्णांवर? आठ वर्षं सगळं एकटीनं उचलून धरलं आणि लोकांना हात लावायची सवयच लागू दिली नाही, त्या बाईवर? सगळ्यांवरच राग होता आणि तो सगळाच खरा होता.

प्रणय जवळ आला. चाळीस पानांची मूळ फाइल कंपनीला लागेल, असं तो खालच्या आवाजात म्हणाला. विशाखानं पर्समधून पेन ड्राइव्ह काढून त्याच्या हातावर ठेवला. म्हणाली, घे की. पहिल्या पानावरच लिहिलंय ना, कुणीही घ्यावीत, कुणीही वापरावीत. तुझ्याच अक्षरात आहे ते. तुम्ही नेलीत म्हणून माझ्याकडची कमी होत नाहीत. फक्त माझं नाव आणि माझी सही तेवढी काढा, ती खुली नाही.

मग ती विरोधात हात वर केलेल्या पाच जणांकडं वळली. पुढच्या रविवारी सकाळी नऊला माझ्या शेडमध्ये या, म्हणाली. माझं मशीन तोवर दुरुस्त झालेलं असेल. सहा मशिनं आहेत आपली, प्रत्येकाचा प्रोग्राम प्रत्येकाच्या मशीनवर, जाताना आणि येताना, दोन्हीकडून चालवून बघू. आणि ह्या वेळी लिहायला मी बसणार नाही. तुम्ही लिहायचं, मी वाचून बघणार. पाचही जणांनी होकार दिला. त्यातल्या दोघांनी तर वहीत वेळसुद्धा लिहून घेतली.

लोक जेवायला उठले. विशाखा जेवायला थांबली नाही. ती दारात चप्पल घालत होती तेव्हा बन्सीभाऊ मागून आले. ताटही घेतलं नव्हतं त्यांनी.

"ताई, रविवारी मी आलो तर चालंल का?" त्यांनी विचारलं. "नुसतं बघायला. शिकायला म्हणा."

विशाखानं त्यांच्या पट्टी बांधलेल्या बोटांकडं बघितलं. राग होता तसाच होता, तो लपवायचीही तिला गरज वाटली नाही.

"तुम्ही कधीही या, बन्सीभाऊ. तुम्हाला कोण नाही म्हणतंय?" ती म्हणाली. "मशीनला तेवढं विचारून या."

आणि ती निघाली.